वेखंडाचे मूळ आणि वेखंडाचे तेल



ज्या वनस्पतीविषयी आज मी बोलणार आहे ती आपणांपैकी बहुतेकांच्या जिभेवर, आपणांस शब्दही फुटला नव्हता त्या वयात, कुणा वडीलधाऱ्या बाईच्या करंगळीने ठेवली गेली असेल. वेखंड हे तिचे नाव. तिच्या गुणांची महती गाण्याकरिता मी उभा राहिलो नाही, आणि तिची निंदा करण्याचाही माझा हेतू नाही. माझा प्रश्न एकच आहे, आणि तो प्रारंभीच स्वच्छ शब्दांत मांडतो. वेखंडाच्या मुळाविषयी पिढ्यानपिढ्या आपल्या मनात जो विश्वास साठला आहे, तो विश्वास त्याच मुळापासून काढलेल्या आणि आज लहानशा काचेच्या बाटलीत भरून 'नैसर्गिक' व 'शुद्ध' या विशेषणांसह विकल्या जाणाऱ्या तेलाच्या खाती जमा करता येईल काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का, याची कारणे आपणांपुढे ठेवण्यासाठी मी आपला तासभर मागतो आहे.

प्रथम या वनस्पतीची ओळख. पाणथळ जागी, ओढ्याच्या काठी, दलदलीत ती वाढते. पाने तलवारीच्या पात्यासारखी लांब, चुरगळली की सुगंध देणारी; आणि जमिनीखाली आडवा पसरणारा, गाठीगाठींचा कंद, ज्याला व्यवहारात आपण मूळ म्हणतो. आज आपल्या बाजारात येणाऱ्या वेखंडापैकी काही काश्मीर, हिमालयाचा पायथा व मणिपूर येथील पाणथळीतून खणून काढलेले असते, तर काही कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात भातासारख्या पाणभरल्या वाफ्यांतून लावून घेतलेले असते. काष्ठौषधींच्या दुकानात आपण जे तपकिरी, सुरकुतलेले, उग्र वासाचे तुकडे विकत घेतो ते हेच.

या तुकड्याला महाराष्ट्राच्या घरात जे स्थान लाभले ते फार थोड्या ओषधींच्या वाट्यास आले असेल. बाळगुटीच्या पुडीत हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग, अतिविष, हिरडा, बेहडा, काकडशिंगी, जेष्ठमध, सुंठ यांच्या पंक्तीला वेखंड असावयाचेच. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून निवविलेल्या पाण्यात एकेका मुळीचे वेढे द्यावयाचे. बाळ किती दिवसांचे, पोट फुगले आहे की सर्दी आहे, यावरून एखाद्या मुळीचा एक वेढा कमी, एखादीचा एक अधिक. हा हिशेब आजीच्या हाताला ठाऊक असे. न्हाऊ घातल्यावर टाळूला आणि अंगाला वेखंडाची पूड लावावयाची. बाळंतिणीच्या खोलीत ओवा आणि वेखंड यांची धुरी द्यावयाची. आणि हे झाल्यावर उरलेला तुकडा वाया न घालविता पोथ्यांच्या रुमालात, लोकरी कपड्यांच्या पेटीत किंवा धान्याच्या कणगीत ठेवावयाचा, म्हणजे कसर लागत नाही. एकच मूळ बाळाच्या मुखातही जाते आणि किड्यांच्या बंदोबस्तालाही लागते, या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

हा व्यवहार आपल्याच प्रांतापुरता होता असेही नाही. मलबार किनाऱ्याविषयी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वनस्पतिग्रंथांतून असा मजकूर आढळतो की, मुलांच्या पोटाच्या विकारांवर वेखंडाची गरज इतकी तातडीची मानली जात असे की, मध्यरात्री कोणी दार ठोठावले असता ते देण्यासाठी दुकान न उघडणाऱ्या विक्रेत्यास दंड होई. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर वचा या नावाने चरकाने तिची गणना संज्ञास्थापन म्हणजे शुद्धीवर आणणाऱ्या आणि लेखनीय म्हणजे मेद झडविणाऱ्या अशा गणांत केली. सुश्रुताने नवजात बालकाच्या लेहनयोगांत, म्हणजे चाटविण्याच्या औषधांत, तिला घेतले. सारस्वत चूर्णासारख्या बुद्धिवर्धक म्हणून प्रसिद्ध असलेल्या कल्पांत ती आहेच. आपल्याच मुंबई इलाख्यातील कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, वामन गणेश देसाई अशा अभ्यासकांनी भारतीय ओषधींच्या नोंदी मोठ्या कष्टाने करून ठेवल्या. ही परंपरा थोर आहे. तिच्याविषयी आदर बाळगूनच पुढचे सर्व बोलणे मी करणार आहे, आणि तो आदर पोकळ नाही हे दाखविण्याची संधीही मला पुढे मिळेल.

आता तेलाकडे येऊ. सुकलेल्या वेखंडाचे तुकडे पात्रात भरून त्यांतून पाण्याची वाफ सोडली, म्हणजे त्यातील उडून जाणारा सुगंधी अंश वाफेबरोबर वर जातो आणि थंड केल्यावर पाण्यापासून वेगळा होतो. शंभर ग्रॅम मुळातून साधारणतः दोन ते तीन ग्रॅम तेल मिळते. मुळातील पिष्ट, तंतू, कडू द्रव्ये ही सर्व मागे राहतात. वर येते ते निव्वळ बाष्पशील तेल, आणि भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असॅरोन या एकाच द्रव्याचा वाटा बहुधा सत्तर टक्क्यांच्या पुढे असतो. म्हणजे ज्याला आपण वेखंडाचे तेल म्हणतो ते बव्हंशी बीटा-असॅरोनच होय.

येथे थोडे गणित करण्याची मला परवानगी द्या. तेलाच्या एका थेंबाचे वजन सुमारे 50 मिलिग्रॅम धरावे. तेवढे तेल मिळण्यासाठी सुमारे 2 ग्रॅम मूळ खर्ची पडते. आपल्या आयुर्वेदिक औषधकोशाने मोठ्या माणसासाठी वेखंडाच्या चूर्णाची मात्रा किती सांगितली आहे? 60 ते 120 मिलिग्रॅम. आणि ओकारी करवावयाची असेल तर? 1 ते 2 ग्रॅम. म्हणजे तेलाच्या एका थेंबात प्रौढ माणसाच्या सोळा ते तेहेतीस मात्रांइतक्या मुळाचे तेल आले. वमनासाठी जेवढे मूळ वैद्य योजील तेवढ्याचे तेल एका थेंबात आले. आता सांगा, सहाणेवरच्या एका वेढ्याशी या थेंबाचे काही नाते उरले काय? आजीने जे दिले ते निराळे, आणि बाटलीत जे आहे ते निराळे. वनस्पती तीच, वास तोच, नाव तेच, म्हणून द्रव्यही तेच असे आपण गृहीत धरतो, आणि सारा घोटाळा त्या गृहीतात आहे.

दुसरा मुद्दा जातीचा. वेखंड युरोपातही आहे, अमेरिकेतही आहे. मिठाईत, कडवट मद्यांत, दंतमंजनांत तिकडे त्याचा उपयोग झालेला आहे, आणि आपल्याकडील विक्रेते त्या युरोपीय लौकिकाचा दाखला मोठ्या तत्परतेने देतात. परंतु वनस्पतिशास्त्राने येथे एक महत्त्वाचा खुलासा करून ठेवला आहे. उत्तर अमेरिकेतील वेखंडाच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात आणि त्यात बीटा-असॅरोन जवळजवळ नसतेच. युरोपातील वेखंडात गुणसूत्रे 36 आणि बीटा-असॅरोन थोडे. भारतात व पूर्व आशियात आढळणाऱ्या वेखंडात 48 गुणसूत्रे असून बीटा-असॅरोन विपुल. युरोपातले वेखंड हे बी न धरणारे आहे. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पूर्वेकडून आलेला कंद 1574 साली व्हिएन्नात पोचला, आणि युरोपात पुढे जे वेखंड पसरले ते बियांनी नव्हे, कंदाच्या तुकड्यातुकड्यांनी. तेव्हा जर्मनीत लोक दोनशे वर्षे वेखंडाचा काढा प्याले आणि सुखरूप राहिले, तर तो अनुभव त्या वेखंडाचा. तो आपल्या बाटलीला लावण्याचा अधिकार कुणाला आहे? दर्शनी रूपात फरक इतका अल्प की, पाने पाहून सांगता येणार नाही. अंतरंगात फरक इतका मोठा की, एकाचा निवाडा दुसऱ्यास लागू पडू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 1967 साली अमेरिकेतील संशोधकांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगासाठी वापरलेले तेल कोठले होते? जम्मूचे, म्हणजे आपल्याच जातीच्या वेखंडाचे. मोठ्या जातीच्या उंदरांना अन्नातून हे तेल दोन वर्षे देण्यात आले, दर दशलक्ष भागांत 500 भागांपासून 5000 भागांपर्यंत निरनिराळ्या प्रमाणांत. त्यांची वाढ खुंटली, यकृत व हृदय यांत बिघाड दिसले, आणि लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात दुष्ट अर्बुदे उत्पन्न झाली. लगेच पुढल्या वर्षी, 1968 मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेखंड, वेखंडाचे तेल आणि त्यांचे अर्क अन्नात घालण्यास सरसकट मनाई केली. पुढे बीटा-असॅरोनवर स्वतंत्र प्रयोग झाले. यकृतात या द्रव्याचे रूपांतर होताना असे क्रियाशील पदार्थ तयार होतात की, जे पेशीच्या आनुवंशिक द्रव्याला जाऊन चिकटतात, असे दिसून आले. युरोपीय संघाने 2008 च्या नियमावलीत बीटा-असॅरोन अन्नात स्वाददायी म्हणून घालण्यास बंदी केली, मद्यांत किलोमागे 1 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि 48 गुणसूत्रांचे वेखंड, म्हणजे आपले वेखंड, स्वादद्रव्ये करण्यासाठी वापरूच नये असा निर्बंध नावानिशी लिहून ठेवला. वनौषधींच्या बाबतीत तेथील तज्ज्ञसमितीने 2005 मध्ये, अधिक माहिती मिळेपर्यंतची तात्पुरती तजवीज म्हणून, असॅरोनची दिवसाची कमाल मर्यादा 115 मायक्रोग्रॅम सुचविली. आपल्या एका थेंबात किती? सुमारे 35 ते 40 मिलिग्रॅम. तीनशे दिवसांहून अधिक काळाची मर्यादा एका थेंबात संपते.

कुणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचे कायदे. आपल्या ओषधींविषयी त्यांना आपुलकी कोठून असणार? या आक्षेपाचे उत्तर आपल्या घरीच आहे. आपल्या देशाच्या अन्नविषयक नियमांत ज्या स्वादद्रव्यांचा वापर निषिद्ध ठरविला आहे, त्या यादीत सॅफ्रोल, थुजोन इत्यादिकांच्या बरोबर बीटा-असॅरोनचे नाव आहे. म्हणजे जे द्रव्य बिस्किटात किंवा सरबतात स्वादासाठी घालण्यास आपल्याच सरकारची मनाई, तेच द्रव्य अन्न म्हणून नव्हे, सुगंधी तेल म्हणून बाटलीत भरले, की कोणाच्याही हाती पडू शकते, आणि घरी नेल्यावर ते बाळाच्या दुधात पडते की कापसाच्या बोळ्यावर, याची विचारपूस करणारा कोणी नसतो.

न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. माणसाला वेखंडाने कर्करोग झाला असे आजवर सिद्ध झालेले नाही. प्रयोगातील प्राण्यांना दिलेले प्रमाण माणसाच्या नेहमीच्या सेवनापेक्षा फार मोठे होते, हेही खरे. शिवाय मी आताच जी मर्यादा सांगितली तिच्या काट्यावर आपल्या औषधकोशातील चूर्णाची मात्रादेखील उतरत नाही. 60 मिलिग्रॅम चूर्णातही त्या मर्यादेच्या जवळजवळ दहापट असॅरोन असू शकते. हे मी लपवीत नाही. चूर्णाचा अल्पकाळ, वैद्याच्या देखरेखीखाली उपयोग करावा किंवा कसे, याचा निर्णय आयुर्वेदाच्या विद्वानांनी नव्या माहितीच्या प्रकाशात पुन्हा करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. परंतु मुळाच्या बाबतीत जेथे विचाराला जागा आहे, तेथे तेलाच्या बाबतीत संशयालाही जागा उरत नाही.

"आमच्या आज्या-पणज्यांनी दिले, आम्हांला काय झाले?" हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, आणि तो तुच्छतेने उडवून लावण्यासारखा नाही. अनुभव हे प्रमाण आहे. पण कोणत्या गोष्टीचे प्रमाण? औषध दिल्यावर घटकाभरात जे घडते त्याचे अनुभव हे उत्तम प्रमाण आहे. वेखंड अधिक झाले तर ओकारी होते, हे आजीला ठाऊक होते, चरकालाही ठाऊक होते, आणि अलीकडे स्वीडनमध्ये नशेच्या भलत्या आशेने वेखंड खाणाऱ्या काही माणसांना दीर्घकाळ ओकाऱ्यांनी बेजार होऊन रुग्णालयात यावे लागले, तेव्हा तेथील डॉक्टरांनाही ते नव्याने कळले. जे तत्काळ घडते ते परंपरेच्या नजरेतून सुटत नाही. परंतु जो अपाय वीस, तीस, चाळीस वर्षांनी प्रकट व्हावयाचा, शंभरांत एखाद्याला व्हावयाचा, आणि झाला तरी तो त्या बालपणीच्या मुळीमुळे झाला की आणखी कशामुळे, हे ओळखण्याचे साधनच ज्या काळी नव्हते, त्या अपायाविषयी परंपरा काय साक्ष देणार? ती मौन धरते, आणि तिच्या मौनाचा अर्थ आपण निर्दोषत्वाचा दाखला असा लावतो. हे परंपरेवरही अन्यायाचे आहे, कारण जे तिने कधी सांगितले नाही ते आपण तिच्या तोंडी घालतो. आणि तेलाविषयी तर परंपरा मौनही धरीत नाही; कारण गाळलेले वेखंडतेल पोटात घेण्याचा शिरस्ता तिच्यात नव्हताच.

येथेच मला तो आदर दाखवावयाचा आहे, ज्याचा उल्लेख मी मघाशी केला. आयुर्वेदाने वचेचे शोधन सांगितले आहे. गोमूत्रात, मुंडीच्या काढ्यात, पंचपल्लवांच्या काढ्यात तिला शिजवावयाचे आणि शेवटी सुगंधी पाण्याच्या वाफेवर स्वेदन करावयाचे, असा तो विधी. आता विचार करा, ज्या मुळातील उग्र द्रव्य वाफेबरोबर उडून जाणारे आहे, ते मूळ वारंवार उकळले आणि वाफवले तर काय होईल? त्या द्रव्याचा काही अंश निघून जाईल. असॅरोनचे नाव त्या आचार्यांना ठाऊक असण्याचा संभव नाही. पण ही ओषधी जशी आहे तशी पोटात देण्याजोगी नाही, तिची उग्रता उतरविली पाहिजे, इतके त्यांनी निश्चित ओळखले होते. त्यांनी वाफेवाटे जे काढून टाकले, तेच आजचा कारखानदार वाफेवाटे गोळा करतो, आणि त्याच आचार्यांच्या नावाने विकतो. परंपरेचा याहून मोठा विपर्यास कोणता?

तेलात गुण नाहीतच काय? आहेत. 1949 साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवली आणि तेव्हापासून आपल्या जुन्या ओषधींकडे शास्त्रज्ञ नव्या आशेने पाहू लागले. त्याच आशेच्या काळात, 1959 च्या सुमारास, संशोधक दांडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेखंडाच्या तेलाचे शामक परिणाम प्राण्यांवर तपासले. हे तेल मज्जासंस्थेला शांत करते आणि निद्रा आणणाऱ्या औषधांचा अंमल वाढविते, असे आढळले. गुण खरा आहे. पण झोपेच्या किंवा अपस्माराच्या गोळ्या घेणाऱ्या रोग्याने हे तेल घेतले तर तोच गुण त्याच्या जिवावर बेतू शकेल.

तेलाचा निर्विवाद गुण पाहावयाचा असेल तर तो कीटकांच्या बाबतीत पाहावा. 1977 साली जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवून दिले की, बीटा-असॅरोनच्या संपर्काने कीटकांची प्रजननशक्ती नष्ट होते. पोथ्यांच्या रुमालातला तो तुकडा आपले काम का करीत होता, याचा उलगडा तेव्हा झाला. कीटकाला जे घातक ते माणसाला घातकच, असे मी म्हणणार नाही. तर्काची तशी ओढाताण मला मान्य नाही. मात्र पेशींच्या वाढीत आणि प्रजननात इतकी ढवळाढवळ करणारे द्रव्य, ज्या शरीरातील प्रत्येक पेशी वाढीच्या वेगात आहे अशा तान्ह्या मुलाला आणि गर्भवतीला देताना हात थबकला पाहिजे.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. वेखंडाचे तेल कोणत्याही वयात, कोणत्याही प्रमाणात, एक थेंबसुद्धा पोटात घेऊ नये. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांच्या त्वचेलाही ते लावू नये. त्वचेतून आणि श्वासातून असली तेले शरीरात शिरतात. बाळ निजते त्या खोलीत ते यंत्राने दरवळवू नये. वेखंडाची पूड बाळाच्या अंगावर उधळू नये, कारण बारीक पूड श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि तान्ह्याच्या जिवावर बेतू शकते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, ही आजच्या बालवैद्यकाची शिकवण आहे. ती गुटीलाही लागू आहे; मध तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये. माझ्या भगिनींना हे कठीण वाटेल, हे मी जाणतो. गुटी उगाळणाऱ्या हातात माया होती, आणि ती माया सहाणेवाचूनही बाळापर्यंत पोचते.

कारखानदारांकडे आणि सरकारकडे माझे मागणे मोठे नाही. वेखंडाच्या तेलाच्या प्रत्येक बाटलीवर वनस्पतीची जात आणि बीटा-असॅरोनचे प्रमाण छापणे बंधनकारक करावे; 'पोटात घेऊ नये' ही सूचना मराठीत, हिंदीत आणि त्या त्या प्रांताच्या भाषेत ठळक अक्षरांत असावी; आणि मुलाला उघडता येणार नाही असे झाकण असावे. अन्नासाठी जी मनाई कायद्यात आहे, तिच्यातून सुगंधाच्या नावाने पळवाट काढता येणार नाही एवढी तरतूद करण्यास नवे संशोधन लागत नाही, इच्छा लागते.

आणि एक गोष्ट घरी गेल्यावर सर्वांना सांगा. वेखंडाचे, निलगिरीचे किंवा कापराचे, कोणतेही सुगंधी तेल मुलाच्या पोटात गेले, तर त्याला ओकारी करवू नका, कारण ओकताना ते तेल फुप्फुसात उतरते. मीठपाणीही देऊ नका. मुलाला तत्काळ जवळच्या रुग्णालयात न्या, आणि ती बाटली बरोबर घ्या.